वालाला दिवस कळतात

आमच्या बाजारात एक भाजीवाल्या मावशी बसतात. वीसेक वर्षांची ओळख. जुडी बदलून मागितली तर फटकारतात, पण आपल्या माणसाला वाईट माल देत नाहीत. एका श्रावणात मी त्यांच्या पाटीतल्या पांढऱ्याशुभ्र फ्लॉवरच्या गड्ड्याला हात घातला, तर इकडेतिकडे बघत हळूच म्हणाल्या, "ताई, त्यो नगा घेऊ. परवाच मारलंय त्याच्यावर." आणि पोत्याखालून फडक्यात गुंडाळलेल्या चवळीच्या शेंगा काढून माझ्या पिशवीत टाकल्या. "ह्या न्या. घरच्या वाफ्यातल्या हायेत."

'घरचा वाफा' म्हणजे काय, हे खेड्याशी नातं असलेल्या प्रत्येकीला ठाऊक असेल. बाजाराचं रान वेगळं आणि घरी खायचा वाफा वेगळा. बाजाराच्या रानात पंप फिरतो, घरच्या वाफ्यात फिरत नाही. ऐकून राग येतो खरा, पण मावशींना बोल लावायला माझी जीभ रेटत नाही. श्रावणात फ्लॉवर मागतं कोण? आपणच ना? फ्लॉवर ही मुळात थंडीची भाजी. दमट, उबदार हवेत तिच्यावर अळी तुटून पडते. पावसाळ्यात येणारे वाण आता निघालेत, पण अळीला तसं कुणी कळवलेलं नाही! आणि पानाला एक भोक दिसलं तरी आपण गड्डा खाली ठेवतो. मग शेतकरी काय करणार? मारतोच.

भेंडी-वांग्याचं तर आणखी अवघड. औषधाच्या डब्यावर लिहिलेलं असतं, फवारल्यावर अमुक दिवस तोडणी करू नका. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, नाहीतर जून होते. ते 'अमुक दिवस' थांबणार कोण आणि कसं? मोनोक्रोटोफॉससारखं जहाल औषध भाजीपाल्यावर वापरायला २००५ सालीच बंदी झाली. डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा असा त्रिकोण छापलेला असतो, त्यात लाल सर्वांत विषारी. पण तो डबा काही भाजीबरोबर बाजारात येत नाही. शिवाय ती भाजी तोडणाऱ्या बाईच्या हाताला ते आपल्याआधी लागतं, हे आपण विसरतोच.

तर असा एक घरचा वाफा आमच्याही परसात आहे, त्याविषयी आज सांगायचंय. जागा फार नाही, पाऊण गुंठा. गाव सोलापूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. काळी माती, उन्हाळ्यात बेचाळीस अंशांपर्यंत चढणारं ऊन आणि पाऊस बेताचा. तोही मृगात हूल देऊन खरा पडणार उत्तरा-हस्तात. त्यामुळे कोकणातल्या किंवा कोल्हापूरकडच्या मैत्रिणींनी माझं वेळापत्रक जसंच्या तसं उचलू नये. आपल्या गावच्या पावसाचं आपण बघायचं.

मी लग्न होऊन आले तेव्हा परस सासूबाईंच्या ताब्यात होतं. शाळा त्यांनी चौथीपर्यंत पाहिलेली. पण झाडाबद्दल एक वाक्य बोलायच्या आणि ते वर्षभर पुरायचं. मागच्या भिंतीवर त्यांचा वाल चढलेला असे. गावरान, जांभळ्या फुलांचा, चपट्या शेंगांवर जांभळी कड. पहिल्या वर्षी तो मे महिन्यातच लावावा, म्हणजे लवकर शेंगा येतील, असं मी सुचवलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "लाव की. वालाला दिवस कळतात."

लावला. वेल छपरावर गेला, भिंत हिरवीगार झाली, पण फूल म्हणून नाही. जूनमध्ये लावलेला त्यांचा वेल आणि मेमध्ये लावलेला माझा, दोघांना फुलं आली ती बरोबरच, दसऱ्यानंतर. पुढे कृषी विभागाच्या एका शिबिरात कारण कळलं. आपल्या जुन्या गावरान वालाला दिवस लहान आणि रात्र मोठी झाल्याशिवाय फूल धरता येत नाही. पाणी घाला, खत घाला, तो ऐकत नाही. शिबिरात ते सांगायला साहेबांना अर्धा तास लागला. सासूबाईंनी तीन शब्दांत सांगितलं होतं.

माझं विषमुक्त भाजीचं सगळं शास्त्र त्या तीन शब्दांतच आहे, म्हणाल तर. लोक मला विचारतात, सेंद्रिय करायचं तर कोणतं औषध फवारू? मी म्हणते, आधी काय आणि कधी लावलंय ते सांगा. मेथी, पालक, कोथिंबीर भर उन्हाळ्यात लावली तर ती हातभर व्हायच्या आत तुऱ्याला येते. अवेळी वाढलेलं झाड कुढतं, आणि कुढणाऱ्या झाडाला कीड आधी शोधते. निम्मी औषधं म्हणजे अवेळी लावल्याचा दंडच.

आमचं वर्ष सुरू होतं मेच्या शेवटी, वाफे भरण्यापासून. वर्षभराचा पालापाचोळा एका कोपऱ्यात साठवलेला असतो, त्यात स्वयंपाकघरातली देठं, सालं आणि मधूनमधून शेणाचं पाणी. ओलसर राहील इतकंच पाणी आणि पंधरा दिवसांनी एकदा वरखाली करायचं, की तीन महिन्यांत काळीभोर, मातीचा वास येणारी गोष्ट तयार होते. नासका वास आला तर ओला कचरा जास्त झाला, सुका पाला वाढवावा. आमच्या काळ्या मातीत भेगा पडतात, म्हणून त्यात शेंगदाण्याची टरफलंही घालते. सोलापूर जिल्ह्यात त्यांना काय तोटा! कच्चं शेण मात्र वाफ्यात नको. त्यातून हुमणीची अळी येते, आणि मुळा-कोथिंबिरीसारखं कच्चं खायचं असेल तिथे तर मुळीच नको.

जीवामृताबद्दल पुष्कळजणी विचारतात. विदर्भातल्या सुभाष पाळेकरांनी ते महाराष्ट्रभर पोचवलं, २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं मूळ माप दोनशे लिटरचं आहे. परसासाठी दहा लिटर पाण्यात अर्धा किलो देशी गाईचं शेण, पाव-अर्धा लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन आणि झाडाखालची मूठभर माती, असं घेते. सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ ढवळायचं, तीन दिवसांनी दहापट पाण्यात मिसळून मुळाशी घालायचं, आठवड्याच्या आत संपवायचं. चांगलं आहे. पण ते घातलं की झालं, असं मानून पाला जाळणाऱ्याही मी बघितल्यात. पाला जाळून मग बादलीत गूळ कालवायचा, हे काही माझ्या पचनी पडत नाही.

मृगाच्या सरी आल्या तर उत्तम, नाहीतर घरच्या सांडपाण्यावर दोडका, दुधी, कारलं, भेंडी, गवार, अंबाडी लावून घेते. भेंडीला 'परभणी क्रांती' हा मराठवाड्याच्या कृषी विद्यापीठाचा जुना वाण मला आवडतो. पानं पिवळी पडण्याच्या रोगाला तो बराच दाद देत नाही, आणि संकरित नसल्यामुळे त्याचं बी घरी धरता येतं. याच दिवसांत कडुनिंबाच्या निंबोळ्या पडतात. त्या वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवायच्या. वर्षभराचं औषध फुकटात. लागेल तेव्हा आतल्या बिया कुटून पन्नास ग्रॅम भुकटी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावी, गाळून त्यात थोडं रिठ्याचं पाणी घालावं आणि उन्हं कलल्यावर फवारावं. उन्हात त्याचा जोर टिकत नाही. भुरी दिसली तर आंबट ताक, दहापट पाण्यातून. तंबाखूचं पाणी मात्र मी वापरत नाही. घरगुती असलं म्हणून काय झालं, विष ते विषच.

वेलींची खरी वैरीण फळमाशी. कोवळ्या दोडक्या-कारल्याला डंख मारते आणि आत अळ्या. फळ बोटभर झालं की त्याला जुन्या मलमलीची पिशवी बांधते. डंख मारलेलं फळ तिथेच टाकायचं नाही, खोल पुरायचं. आमचे हे म्हणतात, "दोडक्यांना कुंची शिवणारी बाई साऱ्या तालुक्यात तू एकटीच." शिवते, आणि दोडकेही खाते.

ऋषिपंचमीला या सगळ्याचं सार्थक होतं. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हा त्या दिवसाचा नेम. म्हणजे नांगरटीच्या रानातलं नाही, परसातलं खायचं. अळू, भेंडी, दोडका, पडवळ, लाल माठ, चवळी, अंबाडी, मक्याचं कणीस, सगळं एकाच पातेल्यात, वरून जेमतेम मीठ-मिरची. आज आपण ती भाजी बाजारातून 'ऋषीच्या भाजीचं पाकीट' म्हणून आणतो. असो. पण भाद्रपदात परसात काय काय पिकतं, याची यादी आपल्या आज्यांनी एका भाजीत करून ठेवलीय, असं मला ते पातेलं उतरवताना दर वेळी वाटतं.

नवरात्रात घट बसला की मी रब्बीच्या तयारीला लागते. घटाखालच्या मातीत कोणतं धान जोमानं उगवलं, कोणतं मागे राहिलं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी निरखून बघितलेलं तुम्हाला आठवत असेल. ती बियाण्याची परीक्षाच की! मी भाजीच्या बियांचीही तशीच करते. दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या, सात-आठ तरी उगवल्या तर बी चांगलं. चार उगवल्या तर दुप्पट पेरायचं किंवा दुसरं शोधायचं.

हिवाळ्याचं फार सांगत बसत नाही, हिवाळ्यात सगळ्यांनाच जमतं. मेथी एकदम न पेरता दहा-बारा दिवसांच्या अंतरानं थोडी थोडी पेरावी. धणे रगडून दोन फाकी करून टाकावेत. जागा असेल तर ओळभर करडई जरूर लावा. तिच्या कोवळ्या पानांची भाजी आणि ज्वारीची भाकरी ज्यांनी खाल्ली नाही, त्यांना आमच्या भागातला हिवाळा कळायचा नाही. ढगाळ हवा आली की वालाच्या शेंड्यांवर मावा बसतो. तेव्हा घाईनं काही फवारू नका. दोन-चार दिवसांत केशरी पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे किडे येतात आणि मावा खातात. भोगीच्या दिवशी वाल, पावटा, गाजर, वांगी, घाटे असं सगळं तीळ लावून चुलीवर चढलं की वर्षाचा तो सुखाचा काळ.

आणि मग येतो उन्हाळा.

एरवीच्या उन्हाळ्याला उपाय आहेत. मी वाफ्यात मडकी पुरते. पाच-सहा लिटरचं, रंग न दिलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, पाण्यानं भरून वर झाकण. पाणी आपसूक पाझरतं, मुळं तिकडे धाव घेतात. भोवती वीतभर अंतरावर दुधी, काकडी, चवळी लावायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भरलं की पुरे. घरातला जुना, पाणी गार न करणारा माठ यासाठी काढू नका. त्याची छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात, तो गार करत नाही तसा पाझरतही नाही. कुंड्या-डब्यांत लावणाऱ्यांना संक्रांतीची न रंगवलेली सुगडं फार छान उपयोगी पडतात. वाफ्यावर कडब्याचं किंवा पाल्याचं चार बोटं आच्छादन, आणि दुपारच्या उन्हाला जुनं सुती लुगडं ताणून बांधायचं. तांदुळजा, घोळ, राजगिरा, गवार या भाज्या एवढ्यावर तगतात. आंघोळीचं पाणी कर्दळ, केळ, अळूला. डिटर्जंटचं पाणी कशालाच नाही.

पण २०१६ चा उन्हाळा एरवीचा नव्हता. २०१४ आणि २०१५, लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेलेले. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी गेलं, ते तुम्हाला आठवत असेल. आमच्याकडे नळ दहा-बारा दिवसांनी, तोही पाऊण तास. टँकर आला की गल्लीतल्या आम्ही सगळ्या हंडे-घागरी घेऊन रस्त्यावर. एके दिवशी मी वेलीला तांब्याभर पाणी घालत होते, तर समोरच्या वहिनी कुंपणापाशी थांबून म्हणाल्या, "माणसांना प्यायला नाही, आन तुम्ही वेली पाजताय?" त्यांच्या घरात तेव्हा बाळंतीण लेक होती. त्यांचं काय चुकलं होतं?

मी घरात येऊन सासूबाईंना म्हटलं, यंदा परस सोडून देऊ. त्या तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्या म्हणाल्या, "भाजी सोड. बी सोडू नको." मडक्यात राखेत ठेवलेलं वालाचं बी दोन वर्षांचं जुनं झालं होतं. २०१५ ला पावसाअभावी शेंगा धरल्याच नाहीत, आणि राहिलेल्या बियांना भुंग्यानं भोकं पाडलेली. म्हणजे त्यांच्या सासूबाईंपासून आलेला तो वाल जगात उरला होता एका भिंतीवरच्या एका वेलीत, आणि तिला फूल यायला अजून सहा महिने होते.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात भांडी राखेनं घासायची पद्धत पुन्हा सुरू झाली. साबण नको, म्हणजे भांड्यांचं पाणी वेलीला चालेल. सासूबाई स्वतः बंबाजवळची राख चाळून ठेवायच्या. वेल कमरेएवढा छाटून टाकला, बुंध्याला पाचट रचलं. डाळ-तांदळाचं धुणवण आणि भांड्यांचं पाणी मिळून दिवसाला अर्धी बादली व्हायची, तेवढीच त्याला. बाकी दुधी, गवार, माझी लाडकी तोंडली, सगळं डोळ्यांदेखत वाळलं. माझ्या लेकानं एकदा विचारलं, "दहा रुपयांच्या शेंगांसाठी एवढं?" आजीनं उत्तर दिलं नाही, बादली त्याच्या हातात दिली.

जूनमध्ये पाऊस आला. वेलाला बुंध्याजवळून एकच फूट फुटली, करंगळीएवढी. दिवाळीच्या सुमारास त्यावर जांभळे तुरे उभे राहिले. त्या वर्षी आम्ही एकही शेंग खाल्ली नाही. सगळ्या वेलावर वाळू दिल्या आणि संक्रांतीनंतर सोलल्या. वाटीभर बी निघालं. सासूबाईंनी ते मांडीवर घेऊन निवडलं आणि पहिल्या वीस बिया मोजून समोरच्या वहिनींकडे पाठवल्या. नंतर गल्लीतल्या आणखी चार घरी. पुढच्या पावसाळ्याच्या आधीच त्या गेल्या.

बी एका घरी ठेवायचं नसतं, हे त्यांनी तेव्हा सांगितलं नव्हतं, केलं होतं. त्याचा अर्थ मला कळला तो २०२० मध्ये. ऑक्टोबरच्या मध्याला सोलापूर जिल्ह्यात जी अतिवृष्टी झाली, त्यात आमच्या परसात तीन दिवस गुडघाभर पाणी होतं. ऐन फुलातला वेल मुळातून कुजला. बियांचं मडकं कोनाड्यातून खाली पडून भिजलं. त्यानंतरच्या जूनमध्ये वहिनी रस्ता ओलांडून आल्या आणि वीस बिया मोजून माझ्या हातावर ठेवल्या. "तुमच्याच हायेत," म्हणाल्या.

बी धरणं अवघड नाही, मैत्रिणींनो. वाल, चवळी, गवार, टोमॅटो यांच्या फुलांची लग्नं घरच्या घरी लागतात, त्यामुळे बी फारसं बिघडत नाही. सर्वांत निरोगी झाडाच्या चांगल्या शेंगा आधीच दोरा बांधून राखून ठेवायच्या. सर्वांत चांगलं खायचं आणि उरलंसुरलं बियाला, हा उलटा न्याय नको. वेलींचं मात्र वेगळं. शेजारच्या संकरित दोडक्याचा पराग आपल्या दोडक्यावर आला की पुढच्या वर्षी भलतंच फळ. दोडक्याचं फूल उमलतं संध्याकाळी, दिवेलागणीला. मागे इवलासा दोडका असतो ते मादीफूल, नुसत्या देठावरचं ते नर. उमलण्याआधी दोन्ही दोऱ्यानं बांधून ठेवायची, उमलायच्या वेळी नराचं केसर मादीला लावायचं, पुन्हा बांधायचं आणि खुणेला रंगीत चिंधी. भोपळा, काकडी, कारलं यांचा हाच सोहळा सकाळी लवकर. बी पुरतं वाळवून राखेत आणि कडुनिंबाच्या पाल्यात, कोरड्या जागी.

अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी अशीच गावरान बियाणी घरोघर फिरून जमवली आणि त्यांची बँक उभी केली. २०२० सालच्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्याकडे वालाचेच कितीतरी प्रकार आहेत. माझ्याकडे एकच आहे, पण तो आता आमच्या गल्लीबाहेरही पोचलाय.

पाऊण गुंठ्यात घर काही पुरं भागत नाही, हेही सांगते. कांदा-बटाटा बाजारातूनच येतो, थंडीत फ्लॉवरही, मावशींकडूनच. माझ्या हिशेबानं आठवड्यातले चार दिवस परसातली भाजी आणि तीन दिवस बाजारातली. पाकिटावरची 'जैविक भारत'ची खूण बघून घेण्याइतकी ऐपत सगळ्यांची नसते. चार दिवस तरी आपल्या हातात असतात.

गेली काही वर्षं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे देणं बंद केलंय. वर्तमानपत्राच्या पुड्यांत दहा-दहा बिया देते, वर पेनानं लिहून, 'वाल, आषाढात लावणे'. जागा नाही म्हणणाऱ्यांनी रंगाचा वीस लिटरचा रिकामा डबा स्वच्छ धुऊन, बुडाला पाच-सहा भोकं पाडून, निम्मी माती निम्मं खत भरावं, वेल गच्चीच्या कठड्यावर सोडावा. उगवून तर सगळ्यांचंच येतं. मग ऑगस्टपासून मला फोन सुरू होतात, "काकू, वेल चांगला फोफावलाय, पण फूलच नाही हो! काय फवारू?" मी म्हणते, दसऱ्यापर्यंत काही करू नका. आणि दिवाळीच्या आत मला फोनही करू नका.